राणीचे सुळे

"तोंड उघड. अजून. अगं, अजून."

"याहून मोठं उघडलं तर सगळा जबडाच तुझ्या हातात येईल," थोरली म्हणाली. तिचं वाक्य संपायच्या आत धाकटीने दातांचं माप घ्यायचा, गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे तिच्या वरच्या दातांवर दाबून धरला.

"आता तीन मिनिटं बोलायचं नाही. नाकाने श्वास घे."

थोरलीला तीन मिनिटं गप्प बसवणं आजवर कोणाला जमलं नव्हतं. ती बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची आणि कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते ध्वनिक्षेपकावरून सांगायची. बावीस वर्षं हेच काम. निम्मं शहर तिला न पाहता ओळखत होतं. धाकटी दातांच्या दवाखान्यामागच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिच्या कवळ्या घालून लोक जेवत, हसत, भांडत. त्यांच्यापैकी एकानेही तिला कधी पाहिलेलं नव्हतं. माप डॉक्टर घ्यायचे, कवळी डॉक्टरच बसवायचे. मधलं सगळं हिचं.

कोपऱ्यातल्या स्टुलावर थोरलीची मुलगी बसली होती. वय एकोणीस. आईच्या तोंडातून बाहेर आलेली ट्रेची दांडी तिने मोबाइलमध्ये टिपली.

"आई, तू अशीच किती छान दिसतेस. शांत."

थोरलीने डोळे वटारले. ट्रेमागून एक मोठा हुंकार आला आणि हनुवटीवर लाळ ओघळली. भाची हसून स्टुलावरून पडायची बाकी राहिली. मावशीही हसली. घड्याळात तीन मिनिटं झाली. तिने ट्रे आणखी अर्धं मिनिट धरून ठेवला. त्याची गरज नव्हती.

सहा वर्षांपूर्वी भाची तेरा वर्षांची होती. प्रदर्शनाच्या मोठ्या हॉलमध्ये दरवर्षी एक संमेलन भरायचं. जपानी ॲनिमे कार्टून आणि व्हिडिओ गेम यांच्या वेडाने झपाटलेली मुलं आपापल्या आवडत्या पात्रांचे वेश करून तिथे जमायची. भाचीला जायचं होतं. "असले माकडचाळे करायला मला रविवार मिळत नाही," असं थोरली म्हणाली, तेव्हा मावशी तिला घेऊन गेली. कवळीच्या दातांसाठी वापरतात त्या ॲक्रिलिकच्या उरलेल्या तुकड्यातून तिने भाचीला दोन सुळे करून दिले होते. दुपारपर्यंत अकरा मुलांनी विचारलं, हे कोणी केले. पुढच्या वर्षी संयोजकांनी मावशीला हॉलच्या कडेला एक टेबल दिलं. त्यावर 'दुरुस्ती' अशी पाटी. कोणाचं शिंग मोडलं, तलवार वाकली, पंखाचं इलॅस्टिक तुटलं की मुलं तिथे धावत यायची. ती तिला कवळीमावशी म्हणत. मावशीला हे नाव आवडायचं, पण तिने ते कधी बोलून दाखवलं नाही.

भाची दरवर्षी स्टेजवरच्या स्पर्धेत उतरायची. एकदा तिसरी, मग लागोपाठ दोनदा दुसरी. पहिल्या नंबराला देशपातळीवरच्या फेरीत थेट प्रवेश होता. "यंदा नाही मिळाला तर पुढच्या वर्षी माझं शेवटचं वर्ष असेल कॉलेजचं, मग कसलं काय," असं ती जानेवारीपासून म्हणत होती.

यंदा तिने एक नवीन गेम निवडला होता. त्यात एक म्हातारी दानव-राणी आपलं राज्य लेकीच्या हाती देते. दोन पात्रं, एक छोटा प्रवेश. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये येऊन तिने तो प्रवेश मावशीला करून दाखवला. राणीचे संवादही तीच म्हणाली, लेकीचेही तीच.

मावशी दुसऱ्याच दिवशी कामाला लागली. स्वतःच्या दातांचा प्लास्टरचा साचा तिच्याकडे होताच. त्याच्यावर तिने राणीचे सुळे रचले. जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट रंग आणला, मुळाशी तपकिरी रेघ ओढली, डाव्या सुळ्याचं टोक जरा झिजवलं, कारण म्हातारीने आयुष्यात काहीतरी चावलं असणार. दोन आठवडे गेले. तयार झाल्यावर तिने ते पांढऱ्या कपड्यावर मांडून भाचीसमोर ठेवले.

भाचीने ते उचलले, पाहिले, आणि परत ठेवले.

"मावशी, काय भारी झालेत गं." मग जरा थांबून, "पण राणी आई करणारेय."

"तुझी आई?"

"तिनेच विचारलं. परवा जेवताना म्हणाली, तुझ्या त्या गर्दीत माझ्यासारख्या बाईला कोणी घेतं का. पहिल्यांदा विचारलं गं तिने. मी नाही कसं म्हणू?"

"नाही कशाला म्हणायचं?" मावशी म्हणाली. "बरंच झालं की."

"तू रागावली नाहीस ना?"

"मी कशाला रागावू? मी स्टेजवर गेले तर टेबल कोण सांभाळणार?"

"तेच म्हटलं मी आईला," भाची सुटल्यासारखी म्हणाली. "मग हे आईला बसतील?"

"एकीचे दुसरीला कसे बसतील? घेऊन ये तिला. माप घेते."

म्हणजे त्या दोघी हे आधीच बोलल्या होत्या. "तेच म्हटलं" हे दोन शब्द मावशी दिवसभर कामाखाली दाबत होती. संध्याकाळी एका निवृत्त शिक्षकाच्या कवळीत तिने दाढ उलटी बसवली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

थोरलीचा साचा निघाला तो सुंदर होता. एकसारखे दात, रुंद टाळू. लहानपणी दोघींना एकच आरसा होता आणि त्यासमोर थोरलीची पाळी आधी यायची. मावशीने साचा हातात फिरवून पाहिला. नवे सुळे रचायला सुरुवात केली.

वरच्या दातांमागे टाळूला टेकणारी पट्टी दीड मिलिमीटरची असावी लागते. त्याहून जाड झाली की जिभेला जागा उरत नाही आणि 'स' फाटतो. म्हणून कवळी बसवल्यावर डॉक्टर प्रत्येकाकडून साठपासून सत्तरपर्यंत आकडे म्हणवून घ्यायचे. सहासष्ट, सदुसष्ट नीट आलं की माणूस घरी. भाचीला हे तेराव्या वर्षापासून पाठ होतं. नवीन सुळे घातले की ती आरशासमोर उभी राहून स्वतःच सहासष्ट म्हणायची, आणि मगच सुळे नीट बसलेत म्हणायची.

संमेलनाच्या आदल्या आठवड्यात थोरलीचा फोन आला. मावशीच्या एका हातात घासायचं यंत्र होतं, दुसऱ्यात पट्टी.

"अगं, तालीम काय रंगतेय आमची! लेक म्हणते, आई, तुझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मी म्हटलं, जाणारच. तुझ्या मावशीला घेतलं असतंस तर तिचा टेबलापलीकडेही गेला नसता. इतकं हसलो आम्ही!"

"हो का," मावशी म्हणाली.

"दात झाले का माझे?"

"होताहेत."

फोन ठेवून तिने पट्टी कॅलिपरमध्ये धरली. अडीच मिलिमीटर. अजून एक मिलिमीटर घासायचा होता. तिने यंत्र बंद केलं. जाड राहिली तर मजबूत होईल, असं ती मनाशी म्हणाली. ते खरं नाही हे तिला कॅलिपर खाली ठेवायच्या आधीच कळलं होतं. मग तिने पट्टीला पॉलिश केलं. बाकी कामात कुठे खोट नव्हती.

संमेलनाच्या दिवशी हॉल सकाळपासून भरला. चिलखतातला एक योद्धा शिरस्त्राण वर करून डबा खात होता. आठ फुटी पंख लावलेली मुलगी स्वच्छतागृहाच्या दारात आडवी अडकली होती आणि आतून-बाहेरून दोन अनोळखी माणसं तिला वाट काढून देत होती. पुठ्ठ्याच्या रोबोटला त्याची आई वहीने वारा घालत होती. मावशीच्या टेबलासमोर रांग होती. गोंदाची बंदूक गरम, सेफ्टी पिनांचं ताट अर्धं रिकामं.

थोरली आली ती रांग मोडूनच. काळा झगा, राखाडी केसांचा टोप, ओठ काळे. चाळिशी कधीच ओलांडलेली बाई आणि हॉलमधली मुलं वाट सोडून बाजूला होत होती.

"अर्धा तास राहिलाय आणि तू आत्ता देतेस?" ती म्हणाली.

"कामं होती. भाची कुठाय?"

"आत. तिची शिंगं बांधताहेत." थोरलीने सुळे बसवले. ते चपखल बसले. "बोलून बघू का?"

"नको. ओठांचा रंग विस्कटेल. स्टेजवरच बोल."

थोरलीने मान हलवली. धाकटीच्या कामावर तिने कधी शंका घेतली नव्हती. चेष्टा केली होती, शंका नाही. ती गेली. मावशीने पुढच्या मुलाचं शेपूट हातात घेतलं.

टेबलावरून स्टेजचा अर्धा भाग दिसायचा. तो अर्धा थोरलीचा होता. ती सिंहासनावरून उठली, लेकीपुढे आली, राजदंड उचलला. हॉल गप्प झाला. तिला गप्प करता येत होतं, मावशीने मनात नोंद केली.

वाक्य होतं, "सिंहासन सोडते, सावली सोडत नाही."

थोरलीच्या खणखणीत आवाजात ते आलं, "थिंहाथन थोडते, थावली थोडत नाही."

पहिली दोन-तीन मुलं हसली. मग रांगच्या रांग. थोरली थबकली. बावीस वर्षांत तिला कोणी हसलं नव्हतं, माइकसमोर हसायला कोणी नसायचंच. तिने राजदंड जमिनीवर आपटला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली, आधीपेक्षा मोठ्याने. आता हसण्यात टाळ्या मिसळल्या. तिसऱ्यांदा मागच्या रांगेतली पोरं तिच्याबरोबर ओरडली. थोरलीने हात पसरले. ती खरंच राणी वाटत होती.

मावशी टेबलावरून उठून चार पावलं पुढे गेली तेव्हा तिला स्टेजचा उरलेला अर्धा भाग दिसला. भाची गुडघ्यावर बसली होती, राज्य घेण्यासाठी हात पुढे केलेले. तिचं पुढचं वाक्य त्या आवाजात कोणालाच ऐकू आलं नाही. ती ते म्हणाली मात्र. ओठ हलताना दिसले.

निकाल तासाभराने लागला. भाची दुसरी. परीक्षकांपैकी एकजण माइकवर म्हणाला, "वेश अप्रतिम, पण संवाद स्पष्ट हवे होते. तेवढ्यावरच पहिला नंबर गेला." 

थोरलीने ते ऐकलंही नसावं. ती टेबलापाशी आली तेव्हा तिच्यामागे फोटो काढून घेणाऱ्या मुलांचं शेपूट होतं.

"ऐकलंथ का? अख्खा हॉल!" सुळे अजून तोंडातच होते. "बावीथ वर्षं ओरडतेय मी. एकाने टाळी वाजवली नव्हती कधी!" आणि तिने सगळ्यांदेखत धाकटीला मिठी मारली. "तुझ्यामुळे, वेडे. तुझ्या या दातांमुळे."

मावशीचे हात खालीच राहिले. बोटांना गोंद लागला होता, हे कारण पुरेसं होतं.

"आई, काढ ते. धुऊन आणते," भाची म्हणाली.

टेबलामागे एक बेसिन होतं. भाचीने सुळे नळाखाली धरले. धुता धुता तिचा अंगठा पट्टीवरून एकदा पुढे गेला, एकदा मागे. नळ तसाच वाहत राहिला. मावशी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"किती आहे ही?"

"अडीच."

"आईकडून आकडे म्हणवून घेतलेस?"

"नाही."

भाचीने नळ बंद केला. "विसरलीस?"

हो म्हणणं सोपं होतं. भाची तेच उत्तर मागत होती, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"नाही," मावशी म्हणाली.

पलीकडे कोणीतरी थोरलीला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावत होतं. आता सुळे नव्हते, तरी ती मुद्दाम तसंच म्हणून दाखवत होती.

"आईला नको सांगूस," भाची म्हणाली. "तिला इतकं खूश मी कधी बघितलं नाहीये."

"नाही सांगत."

"पुढच्या वर्षी माझे मी करीन. मापाचं तेवढं शिकव."

"शिकवते. कधी येतेस?"

"बघू. सांगते."

तिने सुळे कागदात गुंडाळले आणि स्वतःच्या पिशवीत टाकले. मग आपल्या तोंडातले काढले, तेही टाकले.

"अगं, कुठे आहात दोघी?" थोरली हाक मारत आली. तिने लेकीला जवळ ओढलं, राजदंड तिच्या हातात दिला आणि आपला मोबाइल धाकटीकडे सरकवला. "आमचा दोघींचा एक काढ. नीट काढ, शिंगं कापू नकोस."

मावशीने बोटं ओढणीला पुसली आणि मोबाइल आडवा धरला. चौकटीत थोरली सगळे दात दाखवून हसत होती. "हसा," मावशी म्हणाली. भाची हसली, ओठ मिटून.