काकणवालीचे संवाद

माझा धंदा टायपिंगचा. शाहूपुरीत एका जिन्याखाली माझं टेबल, त्यावर मराठी टाइपरायटर आणि समोर गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. अर्ज, करारपत्रं, भाऊबंदकीच्या कैफियती हे रोजचं काम. आणि गाव कोल्हापूर असल्यामुळे सिनेमाच्या पटकथा. सिनेमावाल्यांविषयी मला कधीच प्रेम नव्हतं. ते समासात लिहितात, पानं उलटीसुलटी लावतात आणि वर टायपिस्टच्या नावानं खडे फोडतात.

त्यांच्यातलीच नटी शमशाद, तिचा तो त्रास नव्हता, कारण ती लिहीतच नसे. शाळा चौथीपर्यंत. ती स्टूल बाजूला सारून उभी राहायची आणि अख्खा प्रसंग करून दाखवायची. सरपंच बोलायला लागला की हिचं पोट पुढे यायचं, सून बोलायला लागली की पदर दातात. अर्जासाठी आलेले शेतकरी आपला अर्ज विसरून बघत बसायचे. मी टाइप करत राहायचो.

पडद्यावर तिचं नाव कावेरी. ते ठेवलं निर्माते गणपतरावांनी. बासष्ट सालापासून ती त्यांच्या चित्रपटांत भांडखोर शेजारीण, बहिरी आत्या, चोंबडी मोलकरीण असली कामं करत होती. एकदा सेटवर लेखकाचं वाक्य तिला बेचव वाटलं, तिनं आपलं घातलं, आणि दिवे धरणारी माणसंसुद्धा हसली. गणपतराव शहाणे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिला लिहायलाही लावलं.

टाइप करताना मी हसत नाही. खाली तीन कार्बन असतात. एक अक्षर चुकलं की चार ठिकाणी खोडावं लागतं. तो नियम मी एकदाच मोडला. सत्तर सालचा हिवाळा होता. त्या दिवशी शमशादनं काकणवाली उभी केली. समोर कुणी नसताना एका बाईचा हात धरला आणि दाबत दाबत म्हणाली, “हात सैल सोड की गं! सासूचा गळा धरल्यागत मूठ काय आवळतीस? आन ह्यो अंगठा, ह्येला आधी आत घे. नवऱ्यागत सारखा मधी मधी येतोय.” मी हसलो. पान वाया गेलं. पुन्हा कागद घातला, पुन्हा तिथंच हसलो.

एकाहत्तर साली पिक्चर लागला आणि गावंच्या गावं बघायला लोटली. नायक कोण, नायिका कोण, कुणाला आठवत नसे. सगळे त्याला काकणवालीचा पिक्चर म्हणायचे. बायकांसाठी दुपारचे खास खेळ लावावे लागले. सुरुवातीच्या पाटीवर ‘कथा-पटकथा-संवाद : कावेरी’ ही अक्षरं आली तेव्हा मी अंधारात एकटाच टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटला, ते कबूल करतो. असं बोलणं या बाईला सुचतं तरी कसं, याचं मला नवल वाटायचं. ते मी तिला कधी विचारलं नाही.

पुढच्याच वर्षी गणपतरावांना तीच काकणवाली पुन्हा हवी होती, आणि या वेळी सगळा पिक्चर तिचाच. चाळीस पानं झाली होती. एके दुपारी शमशाद एस.टी.त काकणं भरायचा प्रसंग करत होती. तेवढ्यात जिन्याशी एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, उंच, काखेत काकणांचं गाठोडं. ती बराच वेळ ऐकत होती. शमशादचं वाक्य संपलं तशी म्हणाली, “हे बी माझंच.”

शमशादचा चेहरा उतरला. “आक्का,” ती म्हणाली.

ही हुसेनबी, तिची थोरली बहीण. गडहिंग्लजच्या आठवडी बाजारात बसून बायकांना काकणं भरायची. घरचा पिढीजात धंदा. दोघी एकमेकींशी दखनीत बोलत असणार, पण त्या दिवशी मराठीत बोलल्या. बहुधा साक्षीदार म्हणून मला सगळं कळावं, असं हुसेनबीला वाटत असावं.

“बाईचा हात दाबला की दुखतंय,” तिनं मलाच समजावलं. “दुखलं की बाई हात आखडती. आखडला की काकण वाढतंय. म्हणून हसवायचं. हसली की हात मऊ पडतो, तेवढ्यात काकण चढवायचं. सोळा वरसाची हुती तवापासनं माझं त्वांडच माझं हत्यार. ही बाजूला बसून काकणांच्या माळा सोडायची न् ऐकायची.”

काकण फुटलं असं बायका म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. फुटणं अशुभ.

“मग आता काय झालं?” मी विचारलं.

“आता मी त्वांड उघडलं की समोरची बाईच वाक्य पुरं करती. म्हंती, काकणवाली सिनेमातलं बोलाय लागली. मी नक्कल करती म्हणं! कुणी हसत न्हाय. हात लाकडागत. गेल्या बाजारला चिमणाबाई पाटलिणीच्या हातात तीन काकणं वाढली. रगत आलं. अर्ध्याच भरल्या हातानं उठून गेली बाई, लेकीचं लगीन तोंडावर आलेलं.”

“आक्का, मी मुद्दाम न्हाय गं—” शमशाद म्हणाली.

“बस. हात दे.”

शमशाद स्टुलावर बसली. हुसेनबीनं गाठोडं सोडलं, हिरवी काकणं काढली आणि बहिणीचा हात दाबायला सुरुवात केली. आणि बोलायला लागली. तेच शब्द, सासूचा गळा, मधी मधी येणारा अंगठा. मी शपथेवर सांगतो, शमशादपेक्षा ती शंभरपट सरस बोलत होती. घाई नाही, हावभाव नाहीत, नजर हातावर. शमशादनं हसायचा प्रयत्न केला. खरंच केला, मी बघत होतो. पण कॅमेऱ्यासमोर तीस-तीस वेळा म्हणून झालेलं वाक्य. हसू येणार कुठून? हात ताठच राहिला. काकण फुटलं. दुसरं फुटलं. मनगटावरून रक्ताचा थेंब माझ्या टाइप केलेल्या पानावर पडला.

“बघितलंस?” हुसेनबी म्हणाली. “दर बाजारला ह्येच.”

शमशाद रडत होती. “मी सांगती सगळ्यास्नी. पेपरात छापून आणती. हे बोलणं माझ्या भनीचं हाय म्हणून.”

“आन नजीराचं लगीन? तू हैद्राबादला नांदतीयास म्हणून सांगितलंय आब्बानं सगळ्यास्नी. सिनेमातली बाई आमच्या घरची म्हटल्यावर धाकटीला कोण करून घील? न्हाय. कुणाला काय सांगू नगं. घरला बी येऊ नगं.”

“मग मी काय करू, आक्का?”

“ते मला काय ठावं. मला माझं बोलणं पायजे.” तिनं गाठोडं बांधलं आणि जिना उतरणाऱ्या माणसांच्या गर्दीतून ती निघून गेली. चहासुद्धा घेतला नाही.

शमशादनं चाळीस पानं उचलली आणि माझ्याकडे दिली. म्हणाली, “काकणवाली काढून टाका, जोतीराम. सगळी.” मी म्हणालो, मग उरतंय काय? ती म्हणाली, “बघू.”

उरलं ते तिनं मन लावून रचलं. प्रसंग कुठे सुरू करावा, कुठे तोडावा, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं आणि तिच्याइतकं कुणाला येत नव्हतं. पण ते टाइप करताना मी एकदाही चुकलो नाही. पिक्चर दुसऱ्या आठवड्यात उतरला. गणपतरावांनी तिला वेडी ठरवलं, आणि पाटीवर पुन्हा कधी तिचं नाव लेखक म्हणून आलं नाही. ती परत बहिरी आत्या झाली. पुढं नायकाची आई. मग तीही कामं कमी झाली.

जुना पिक्चर मात्र मरेना. जत्रा आली की तंबूत तोच लागायचा. शमशाद माझ्याकडे यायची, पेपर उघडायची आणि शिरोळला लागलाय, कागलला लागलाय असं बोट ठेवून वाचायची. लागला नाही असा आठवडा गेला की तिला बरं वाटायचं. माणूस आपल्या एकुलत्या एका गाजलेल्या कामाच्या मरणाची वाट बघतंय, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एकोणऐंशी साली गणपतरावांनी नव्या प्रती काढायचं ठरवलं. अट एकच, दर खेळाआधी तिनं स्टेजवर येऊन काकणवालीचे संवाद म्हणायचे. त्या वेळी ती एका खोलीत स्टोव्हवर जेवण करून राहत होती. ती नाही म्हणाली. गणपतरावांनी बेत सोडला. मी तिच्यावर भडकलो, दोन महिने बोललो नाही.

हळूहळू प्रती झिजल्या. लोकांना रंगीत सिनेमे मिळाले, घराघरात टीव्ही आले. चौऱ्याऐंशी साली कोर्टाच्या एका कामासाठी मला गडहिंग्लजला जायचं होतं. शमशाद म्हणाली, “मी बी येती.” बाजारचा दिवस होता.

गुळाच्या अडत दुकानाच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो. वीसएक हातांच्या अंतरावर हुसेनबी बसली होती, केस पिकलेले, नजर तशीच हातावर. पुढ्यात लग्न ठरलेली एक पोरगी, बाजूला तिच्या चुलत्या-मावश्या. पोरगी घाबरून हात मागे ओढत होती. हुसेनबी म्हणाली, “आन ह्यो अंगठा. ह्येला आधी आत घे. नवऱ्यागत सारखा मधी मधी येतोय.”

पोरगी खळखळून हसली. मावश्या हसल्या. काकण सरकन मनगटावर गेलं, मग दुसरं, मग तिसरं. एकही वाढलं नाही.

शमशादनं माझा दंड घट्ट धरला होता. “हसली,” ती म्हणाली. “ठाऊकच न्हाय तिला. हसली बघा.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती इतकी आनंदात होती की मला बघवेना. लोकांना हसवायचं काम तिनं वीस वर्षं केलं; तिला असं सुखानं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, “जा की आता. भेट आक्काला. बारा वर्षं झाली.”

घरी जायची सोय नव्हतीच. नजीरा त्याच गावात दिलेली, आणि हैद्राबादची गोष्ट अजून चालूच होती. पण बाजारात काय, गिऱ्हाईक म्हणून कुणीही समोर बसावं.

शमशादनं पदर कपाळावरून खाली ओढला. “नगं,” ती म्हणाली. “त्या मावश्या बघितल्यासा? माझ्या वयाच्या हाईत. माझं त्वांड बघितलं की त्यास्नी पिक्चर आठवंल.”

ती वळली आणि एस.टी. स्टँडकडे चालायला लागली.