रिचार्जचं उदाहरण

एकतीस मुलांनी एकच चूक केली, तीही तशीच्या तशी, आणि कॉलेज खडबडून जागं झालं. एकतीस जणांनी एकसारखं बरोबर उत्तर लिहिलं असतं तर कुणी दुसऱ्यांदा पान उलटून पाहिलं नसतं. बरोबर उत्तराला आपल्याकडे कुणी विचारत नाही, बाबा तू आलास कुठून.

घाटकोपरच्या त्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची अर्थशास्त्राची चाचणी झाली होती. प्रश्न साधा होता: गिफेन वस्तू म्हणजे काय, ते उदाहरणासह स्पष्ट करा. भाव वाढला की माणूस कमी घेतो, हा जगाचा नियम. पण ज्या वस्तूचा भाव वाढला की गरीब माणूस तीच वस्तू जास्त घेतो, तिला गिफेन वस्तू म्हणतात. एकतीस जणांनी व्याख्या ठीक लिहिली आणि उदाहरण दिलं मोबाईलच्या रिचार्जचं. 'माणूस चहा सोडेल पण रिचार्ज सोडणार नाही,' हे वाक्यही एकतीस वेळा आलं होतं. कर्णिक मॅडमनी सगळे पेपर बाजूला काढले आणि उपप्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

हे वाक्य होतं दर्शना तायडेचं. ते तिच्या स्वतःच्या, बत्तिसाव्या, पेपरातही होतं, आणि त्याच्या तीन आठवडे आधी ती ते आपल्या टेलिग्राम चॅनेलवर बोललीही होती. चॅनेलचं नाव 'समजलं का?'. चारशेच्या वर पोरं तो ऐकायची. त्यात तिच्या वर्गातली होती, मुलुंडच्या नि वाकोल्याच्या कॉलेजांतलीही होती, आणि तिने कधी तोंडही न पाहिलेली बरीच होती.

सुरुवात सम्यकपासून झाली. सम्यक तिच्याच वर्गातला, तिच्याच वस्तीत, विक्रोळी पार्कसाइटच्या चढावर, दोन गल्ल्या सोडून राहणारा. सकाळी विक्रोळीच्या एका गोदामात पार्सलं बांधायचा आणि दुपारी पळत कॉलेज गाठायचा. तोवर दोन तास बुडालेले असायचे. पहिल्या वर्षी दर्शनाने त्याला वर्गातल्या स्लाइडची पीडीएफ पाठवली तर तो म्हणाला, "पीडीएफचं काय लोणचं घालू? हात मोकळे नसतात गं. बोलून पाठव ना, एका कानात लावून ऐकतो."

मग ती बोलली. घरात बोलायची सोय नव्हती; एका खोलीत टीव्ही, मिक्सर आणि शेजारणीच्या गप्पा एकदमच चालतात. म्हणून ती बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत जाई, आणि अभ्यासिकेत बोलायला बंदी म्हणून बाहेर जिन्यावर बसे. एक मुद्दा, एक उदाहरण, आणि शेवटी 'समजलं का?'. सम्यकने ते दुसऱ्याला पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पेपर मराठीत लिहायची मुभा सगळ्यांना होती, पण मराठीत वाचायला धड काही नव्हतं. वर्गात इंग्रजी स्लाइड, ग्रंथालयात इंग्रजी पुस्तकं, आणि यूट्यूबवर दिल्लीचे सर. पोरं कान लावून बसली यात नवल ते काय?

शुक्रवारी उपप्राचार्य प्रधान सरांनी तिला बोलावलं. एक टाइप केलेला कागद पुढे केला आणि म्हणाले, "वाच, सही कर आणि सोमवारी अकराला घेऊन ये. प्रकरण इथेच मिटवू." आवाज गोड होता. कागदावर लिहिलं होतं: 'मी माझ्या चॅनेलवरून विद्यार्थ्यांना तयार उत्तरे पुरवली. त्यांनी ती न समजता पाठ करून लिहिली. हे गैरवर्तन असून माझी चूक झाली. चॅनेल मी कायमचा बंद करत आहे.'

"आणि सही नाही केली तर?" तिने विचारलं.

"तर सामूहिक कॉपीचं प्रकरण म्हणून परीक्षा समितीकडे जाईल. एकतीसच्या एकतीस जणांना सत्र परीक्षेला बसता येणार नाही. तू बत्तिसावी. विचार कर, बाळ."

या 'बाळ'ने तिचं डोकं फिरलं. कागद घडी करून बॅगेत टाकला.

शनिवारी बातमी चॅनेलभर झाली. पोरांनी आधी 'वाट लागली' लिहिलं, मग रडके चेहरे पाठवले, आणि मग हळूहळू खरं बोलायला लागली. 'सही कर ना यार.' 'एका सहीने सगळे सुटू.' 'चॅनेल काय, दुसरा काढू.' यात वाईट कुणीच नव्हतं. घाबरलेला माणूस असाच बोलतो, आणि परीक्षेला बसता न येणं म्हणजे कुणाचं लग्न ठरवलं जाणार होतं, कुणाला कायमचं गोदामात उभं राहावं लागणार होतं. दर्शनाने ते सगळं शेवटपर्यंत वाचलं.

रात्रपाळीला निघायच्या आधी तिच्या आईने, विमलाबाईंनी, कागद वाचला. त्या पालिकेच्या इस्पितळात आया होत्या. कागदावर सही करण्याआधी तो दोनदा वाचायची त्यांना तिथेच सवय लागली होती.

"हे केलंस का तू?"

"शिकवलं. उत्तरं नाही पुरवली."

"मग पुरवली असं का लिहिलंय?"

"त्यांना तसं लिहून हवंय."

विमलाबाईंनी कागद परत दिला. "मला भीती वाटते गं. तुझं वर्ष गेलं तर मला झोप लागायची नाही. पण पोरं न समजता लिहितात, असं त्या पोरांबद्दल तू लिहून द्यायचं, हे मला पटत नाही. बघ बाई तू." एवढं म्हणून त्या ड्युटीवर गेल्या.

सोमवारी अकराला दर्शना ऑफिसात गेली तेव्हा सम्यकही तिच्यासोबत होता. त्याने सुट्टी टाकली होती. बाहेरच्या बाकड्यावर बसता बसता तो म्हणाला, "कर सही. मी सांगतो ना. माझ्यामुळे सुरू झालं हे."

"गप बस," ती म्हणाली आणि आत गेली.

आत प्रधान सर आणि कर्णिक मॅडम. उत्तरा कर्णिक वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवत होत्या. मुलुंडहून येत, वेळेवर येत, कधी तास चुकवत नसत. त्या वाईट शिक्षिका आहेत असं त्यांच्याबद्दल कुणी म्हणत नसे. त्यांचं काही कळतं, असंही म्हणत नसे.

"आणलास?" प्रधान सरांनी हात पुढे केला.

"आणला. सही नाही केली."

सर खुर्चीत मागे रेलले. मॅडम मात्र पुढे झाल्या. "दर्शना, एकतीस पेपरात एकच चुकीचं उदाहरण. शब्द न् शब्द. याला कॉपी नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?"

चुकीचं हा शब्द दर्शनाने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आतापर्यंत तिला वाटत होतं की आक्षेप आहे तो सारखेपणाला. पण तोंड थांबलं नाही. "उदाहरण माझं आहे, मॅडम. त्यांनी एकमेकांचं बघितलं नाही, माझं ऐकलं. तुमच्या स्लाइडची वाक्यं आम्ही दर वर्षी जशीच्या तशी लिहितो, त्याला तुम्ही पैकीच्या पैकी देता."

"उलट बोलू नकोस," प्रधान सर म्हणाले.

"तुला अडलं होतं तर मला का नाही विचारलंस?" मॅडमना खरोखर लागलं होतं. "वर्गात मी रोज विचारते, एनी डाउट्स म्हणून."

"विचारलं होतं. दोनदा. गिफेनचं आपल्याकडचं उदाहरण काय म्हणून. तुम्ही म्हणालात, पीपीटीमध्ये आहे."

मॅडमनी लॅपटॉप उघडला. स्लाइड सापडायला वेळ लागला नाही. वरती शीर्षक, खाली एक आलेख, आणि त्याखाली एक ओळ: मागणीच्या नियमाचा अपवाद, आकृती पाहा. उदाहरण नव्हतंच. मॅडम त्या ओळीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. वीस वर्षं तीच ओळ भिंतीवर पडत होती आणि त्या तिच्याकडे पाठ करून बोलत होत्या.

प्रधान सरांना स्लाइडशी कर्तव्य नव्हतं. "मुद्दा तो नाही. मुद्दा असा की पोरांनी न समजता घोकलं."

"मग विचारा ना त्यांना," दर्शना म्हणाली. "एकेकाला बोलवा. तोंडी घ्या. एक तर बाहेरच बसलाय."

सर नाही म्हणणार होते. मॅडम आधी हो म्हणाल्या.

सम्यक आत आला आणि हात मागे बांधून उभा राहिला. मॅडमनी इंग्रजीत सुरुवात केली, त्याचा चेहरा पाहून थांबल्या, आणि मराठीत विचारलं, "गिफेन वस्तू म्हणजे काय, सांग तुझ्या शब्दांत."

"भाव वाढला की मागणी वाढते अशी वस्तू, मॅडम. गरिबाच्या घरातली. म्हणजे ती इतकी गरजेची की ती महागली की दुसरं काहीतरी सोडावं लागतं."

"उदाहरण?"

"रिचार्ज. महागला तरी मारतोच आपण."

"मागच्या वेळी महागला तेव्हा तू काय केलंस?"

"मारला ना. त्याशिवाय शिफ्टचा मेसेज कसा येणार?"

"दोन मारलेस?"

"दोन कशाला? एकच."

"आधी किती मारायचास?"

"एकच."

प्रधान सरांनी घड्याळ पाहिलं. सम्यकच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले, आणि मग त्याने मॅडमकडे नाही, दर्शनाकडे तोंड वळवलं.

"दर्शना, चुकलंय गं. मागणी वाढलीच नाही. नुसती कमी झाली नाही. हे गिफेन नाही, हे दुसरंच काहीतरी."

दर्शनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. जिन्यावर बसून केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतं तिने ते. चारशे जणांना. तिला लाज वाटली, जमीन दुभंगेल तर बरं अशी लाज. आणि त्याच क्षणी तिला सम्यकचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. ज्याने घोकलं, त्याला आपली चूक अशी उभ्या उभ्या सापडते का?

मॅडमनाही ते कळलं होतं. त्या सरांना म्हणाल्या, "ही कॉपी नाही, सर. मी तसं लिहून देईन. बाकीच्या तिसांची तोंडी मी स्वतः घेते."

"घ्या तुम्ही," प्रधान सर म्हणाले. त्यांना एक दोर सुटला तर दुसरा धरायची सवय होती. "पण हा चॅनेल कॉलेजच्या परवानगीशिवाय चाललाय, आणि त्यावर चुकीचं शिकवलं गेलं हे तर आता सिद्धच झालं. त्यांचं सोडतो. हिने सही करायची. नाहीतर हिला चाचणीत शून्य, आणि शेरा. कर सही, नि इथेच माझ्यासमोर चॅनेल डिलीट कर."

मॅडम खाली बघत होत्या. कागद टेबलावर होता आणि पेन सरांनी त्यावरच ठेवलं होतं. आता तिच्या सहीवर दुसऱ्या कुणाचं काही अडलेलं नव्हतं. जे जायचं ते तिचं एकटीचं जाणार होतं.

दर्शनाने फोन काढला. प्रधान सरांनी समाधानाने मान हलवली. तिने चॅनेल उघडला, माइकचं बटण दाबून धरलं आणि बोलायला लागली.

"मी दर्शना. एक महत्त्वाचं ऐका. गिफेन वस्तूला मी रिचार्जचं उदाहरण दिलं होतं. ते चूक आहे. सम्यकने पकडलं. माझी चूक झाली, तुमची नाही. तुम्ही विश्वास ठेवलात आणि मी नीट तपासलं नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. आता बरोबर काय ते सांगते."

"काय चाललंय हे?" प्रधान सर उठून उभे राहिले. "बंद कर ते."

तिने अंगठा काढला नाही. आवाज थरथरत होता, तो तिने थरथरू दिला. "समजा घरात रोज भात आणि जोडीला थोडी मच्छी. तांदूळ महागला. आता तांदळातच सगळं जातं, मच्छी परवडत नाही. पण पोट तर भरायचंय. मग मच्छीची जागा कशाने भरणार? आणखी भाताने. तांदूळ महागला म्हणून आपण तांदूळ जास्त घेतला. ही गिफेन वस्तू. रिचार्ज महागला म्हणून आपण जास्त रिचार्ज मारत नाही, तेवढाच मारतो. त्याला म्हणतात..." ती अडली. शब्द आठवेना.

"अलवचिक मागणी," कर्णिक मॅडम म्हणाल्या. हळू, पण फोनला ऐकू जाईल एवढं.

"अलवचिक मागणी. मॅडम सांगतायत. समजलं का?"

तिने बटण सोडलं. मेसेज गेला. मग तिने पेन उचलून सरांच्या पेनस्टँडमध्ये ठेवलं, सहीची जागा कोरी राहिलेला कागद त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "ज्यांची माफी मागायची होती त्यांची मागितली, सर. शून्य द्या."