मुनुस्वामीचं मुंडण

मद्रासमध्ये पुरसवाक्कमला एका जुन्या बंगल्यात हरवलेल्या आणि टाकून दिलेल्या मुलांचं बालगृह होतं. त्रिपुरसुंदरी तिथं चौकशीचं काम करायची. सापडलेल्या मुलाचं घर शोधायचं, घरची माणसं कशी आहेत ते पाहायचं आणि मूल परत द्यावं की नाही ते न्यायाधीशांना सांगायचं. ती तंजावरकडच्या मराठी घरातली. बोलता बोलता मराठीतून तमिळमध्ये कधी शिरली, हे तिचं तिलाही कळत नसे. मुलं तिला अक्का म्हणत.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात रेल्वे पोलिसांनी एक चारेक वर्षांची मुलगी आणून सोडली. तांबरमहून आलेली गाडी बीच स्टेशनात रिकामी झाली, तेव्हा ही बाकाखाली झोपलेली सापडली होती. नाव विचारलं तर म्हणे ‘पाप्पा’. आता तमिळ घरात प्रत्येक धाकटी पोर पाप्पाच असते. बापाचं नाव ‘अप्पा’, आणि गावाचं नाव ‘आमचं गाव’. एवढ्यावर शोध घ्यायचा कुठं? तरी सुंदरी तांबरमपर्यंतचं एकेक स्टेशन फिरली, हमालांना विचारलं, फुलवाल्या बायकांना विचारलं. कुणी काही सांगेना. पोर मात्र रुळली. जेवायला बसली की सुंदरीच्या पदराचं टोक मुठीत धरून बसायची.

शेवटी वरून हुकूम आला, की मुलीला वेल्लूरजवळच्या अनाथाश्रमात पाठवा. बालगृहाच्या अधीक्षक सरोजिनीबाईंनी तिचे कपडे बांधून ठेवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. आणि नेमका त्याच दुपारी एक माणूस फाटकाशी येऊन उभा राहिला.

काळाभोर, हाडकुळा, पायांना चुन्यानं भेगा पडलेल्या. डोक्याला तुंडू, म्हणजे खांद्यावरचा पंचा, गुंडाळलेला. सुंदरी पुढं झाली तसा त्यानं अदबीनं झटकन तो पंचा सोडून काखेत धरला आणि वाकून नमस्कार केला. डोकं तुळतुळीत, मिशाही नाहीत.

“अम्मा, मी मुनुस्वामी. मदुरांतकमच्या बाजूला चुन्याच्या भट्टीवर असतो. माझी पोर इथं आहे, असं तांबरमच्या एका हमालानं सांगितलं.”

बायको गेल्यावर पोरीला घेऊन तो मद्रासला मजुरी शोधायला निघाला होता. तांबरमला पोरीला गाडीत बसवून पाणी आणायला उतरला, तेवढ्यात गाडी सुटली. कुणीतरी सांगितलं की तशी पोर विळुपुरमच्या गाडीत दिसली. हा वेडा खाली दक्षिणेकडे शोधत गेला. तिकडे काही थांग लागेना, तेव्हा पायी तिरुपतीला गेला.

“लोक पोर सापडल्यावर केस वाहतात, अम्मा. मी आधीच देऊन टाकले, मग मागितली.”

एवढं बोलून तो रडायला लागला. सुंदरीचं मन हललं. पण मागच्या दिवाळीत असाच एक जण ढसाढसा रडत पुतणीला न्यायला आला होता. नंतर कळलं, की तो घरकामाला पोरी पुरवायचा. तेव्हापासून नुसत्या डोळ्यांतल्या पाण्यावर ती काही ठरवत नसे.

पाप्पाला बाहेर आणलं. मुनुस्वामी “अम्माडी!” असं ओरडत गुडघ्यांवरच बसला आणि हात पसरले. पोरीनं त्या तुळतुळीत डोक्याकडे एकदा पाहिलं आणि किंकाळी फोडून सुंदरीच्या मागं लपली. तो जितका हाका मारी, तितका त्याचा आवाज रडण्यानं घोगरा होई आणि तितकी ती अधिकच चिकटे.

“पाहिलंत?” सरोजिनीबाई म्हणाल्या. त्या पुण्याच्या, यजमान रेल्वेत, म्हणून मद्रासला आलेल्या. “चार वर्षांचं मूल बापाला ओळखत नाही, असं होईल का? त्याला जायला सांगा, सुंदरीबाई.”

“लेकरू भिऊन रडूंलागलंय, बाई. भ्यालेल्याचं काय धरायचं?”

“मग गावच्या मुन्सफाचा, म्हणजे पाटलाचा, दाखला आणू दे. पण मुलगी उद्या जाईल. हुकूम माझा नाही, मोडणं माझ्या हातात नाही.”

तेही खोटं नव्हतं. मुनुस्वामीला सुंदरीनं दाखल्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ती माझी आहे हे तिनंच नाही म्हटल्यावर मुन्सफ काय लिहील, अम्मा?”

सुंदरीनं त्याला हाकललं नाही. “ओसरीवर बस. उन्हं उतरल्यावर बघू,” ती म्हणाली, आणि पोरीला घेऊन आत जेवणघरात गेली.

ताटं मांडली होती. स्वयंपाकीणबाईनं शेवटच्या फोडणीत लाल मिरच्या टाकल्या आणि त्यांचा ठसका दारातून थेट ओसरीवर गेला. मुलं खोकायला लागली. आणि बाहेरून एक शिंक आली. साधी नव्हे. आधी लांबलचक ‘आ… आ…’, मग तोफेसारखा बार आणि शेवटी ‘यम्माडीयो!’ अशी आरोळी. लगोलग दुसरी, मग तिसरी.

पाप्पाचा घास हातातच राहिला. मान वळली. आणि इतक्या दिवसांत कधी हसली नव्हती तशी ती खदखदून हसली.

“अप्पा शिंकले!”

सुंदरीनं घाई केली नाही. पोरीला कडेवर घेऊन ती दाराआड उभी राहिली, बाहेरचं दिसणार नाही अशी, आणि सरोजिनीबाईंना खुणेनं बोलावलं.

“मुनुस्वामी, वळू नको. रडूही नको. रोज बोलतोस तसं बोल. तुझी पोर काय खाते?”

नाक पुसता पुसता मुनुस्वामी गोंधळला. “काय खाणार, अम्मा? नाचणीची आंबील. वांगं तेवढं खात नाही. ताटात दिसलं की माझ्या ताटात टाकते.”

“खाते!” दाराआडून पाप्पा ओरडली.

बाहेरून आवाज आला, जपून, पण घरातल्यासारखा. “खोटं! कुत्र्याला कोण घालतं मग?”

“मणी मागतो म्हणून घालते! अप्पा, तुम्ही कुठं आहात?”

सरोजिनीबाईंनी तोंडावर हात ठेवला. सुंदरी दारातून पुढं झाली. “अरे, तो पंचा डोक्याला बांध आधी!”

“तुमच्यासमोर कसा बांधू, अम्मा? मोठ्यांसमोर तो सोडायचा असतो.”

“बांध म्हणते ना!”

त्यानं पंचा गुंडाळला, भट्टीवर बांधायचा तसा, एक टोक कानावर सोडून. पाप्पा सुंदरीच्या कडेवरून घसरली आणि आपणहून चालत गेली. जवळ जाऊन बापाच्या वरच्या ओठावर बोट फिरवलं.

“मिशा कुठं गेल्या?”

“देवाला दिल्या.”

“त्याला कशाला?”

मुनुस्वामीनं तिला उचलून छातीशी धरलं, आणि आता तो रडला तरी ती भ्याली नाही.

सुंदरी ओसरीच्या पायरीवर टेकली. सरोजिनीबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांचेही डोळे भरले होते. “उद्याची गाडी रद्द करते. वर काय कळवायचं ते माझं मी बघते. मुन्सफाचा दाखला मात्र लागेलच हं.”

“सेरी, ठीक आहे, बाई. दाखला येईल की,” सुंदरी म्हणाली. “दाखल्याला कोण भितो?”

दाखला यायला आठवडा लागला. तोवर मुनुस्वामी रोज दुपारी ओसरीवर यायचा आणि पोरीला घास भरवून जायचा. न्यायालयात न्यायाधीशांनी पाप्पाला विचारलं, हे कोण? ती म्हणाली, “अप्पा. केस येणार आहेत.” न्यायाधीश हसले आणि सही केली.

सुंदरी त्यांना एळुंबूर स्टेशनात गाडीत बसवून आली. पाणी स्वतःच आणून दिलं, मुनुस्वामीला खाली उतरू दिलं नाही. गाडी हलली तेव्हा पोर बापाच्या मांडीवर बसून केळं खाण्यात इतकी गुंग होती, की तिनं सुंदरीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. सुंदरीला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. बाहेर येऊन तिनं गाड्यावरची गरम कॉफी घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या, कसलीही घाई न करता, प्याली.