आधी हळू, मग ब्रेक
मोटार शिकवणाऱ्या त्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. बावीस वर्षं त्या शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून. इतकी घाबरट माणसं ज्यांच्या हाताखालून धीट होऊन गेली, त्यांना एका टोपणनावाचं काय वाटणार? उलट त्या ते मिरवत.

पण यंदा शहराच्या कडेला नवा कारखाना निघाला, परदेशी माणसं कामाला आली आणि ड्रायव्हिंग स्कूलने फर्मान काढलं. यापुढे इंग्रजीतून शिकवता आलं पाहिजे. परीक्षा द्या, नाहीतर ऑफिसात बसून लोकांचे फॉर्म तपासा. परीक्षेची तऱ्हा अशी, की परीक्षक स्वतः शिकाऊ बनून स्टिअरिंगवर बसणार आणि बाई जे सांगतील तेवढंच करणार. ब्रेकबाईंनी ती हसत हसत दिली आणि सपशेल आपटल्या. शेऱ्याच्या कागदावर नऊ चुका, आणि नऊच्या नऊ एकाच जातीच्या: ‘प्रेस जेंटली द ब्रेक’, ‘टर्न स्लोली द व्हील’. आता एकच संधी उरली होती. ऑफिसातलं ते टेबल भिंतीकडे तोंड करून होतं.

नशिबाने इंग्रजीची मास्तरीण घरातच होती. भावाची बायको, शाळेतून निवृत्त झाली होती, पण पर्समधलं लाल पेन अजून निवृत्त व्हायचं होतं. वहिनींनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला आणि नणंदेला पहिलीतल्या पोरीसारखं समोर बसवलं.

“हे बघा वन्सं, क्रियापद आणि त्याचं कर्म, ही जोडी. ‘प्रेस’ आणि ‘द ब्रेक’. या दोघांच्या मध्ये तिसऱ्याने शिरायचं नाही. ‘जेंटली’ने मुकाट्याने मागे जाऊन उभं राहायचं. म्हणा, प्रेस द ब्रेक जेंटली.”

“प्रेस द ब्रेक जेंटली,” ब्रेकबाई म्हणाल्या.

दोन आठवडे त्या टेबलाशी बसून पोपटासारखं बरोबर म्हणत राहिल्या. आणि गाडीत बसून सराव करायला गेल्या, की ‘जेंटली’ पुन्हा मध्ये येऊन बसलेलं असे. शेवटी वहिनींनी हात टेकले.

“हा निव्वळ हट्ट आहे, वन्सं!”

“हट्ट कसला? अहो, ब्रेक म्हटलं की माणूस ब्रेक दाबून मोकळा होतो. तुमचं ते जेंटली मागून डुलत येईपर्यंत त्याचं कपाळ काचेवर! आपल्याकडे बरंय. ‘ब्रेक हळू दाब.’ दाबायची पाळी शेवटी येते, तोवर हळू सांगून झालेलं असतं.”

“शहाणा माणूस वाक्य पुरं होईपर्यंत थांबतो.”

“असं? मग या, बसा स्टिअरिंगवर. दाखवा थांबून.”

वहिनींनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती, पण प्रश्न व्याकरणाच्या अब्रूचा होता. रविवारी सकाळी सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये त्या उसनं अवसान आणून चाकामागे बसल्या. गाडी पहिल्या गिअरमध्ये गोगलगायीच्या वेगाने निघाली.

“प्रेस द ब्रेक जेंटली,” नणंद म्हणाली, अगदी नियमाप्रमाणे.

गाडी गचकन थांबली. वहिनींचा चष्मा उडून काचेपाशी जाऊन पडला.

“शेवटचं ऐकलं नाहीत का?”

“ऐकलं हो! पण तोवर पाय गेला होता!”

दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा वहिनींनी चष्मा आधीच काढून मांडीवर ठेवला, आणि बरं केलं. चौथ्या वेळी नणंद मुद्दाम चुकीचं बोलली, “प्रेस जेंटली द ब्रेक.” गाडी लोण्यासारखी थांबली.

वहिनींनी मांडीवरचा चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. पस्तीस वर्षं लाल पेनाने खोडत आलेल्या वाक्याने त्यांना सुखरूप थांबवलं होतं, आणि हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं.

“चूक ती चूकच,” त्या म्हणाल्या. मग एकदम वळल्या. “पण थांबा. मागे नको, तर अगदी पुढे घाला. क्रियापदाच्याही आधी. ‘जेंटली प्रेस द ब्रेक.’ जोडीत कोणी शिरलं नाही, आणि हळू सगळ्यांच्या आधी!”

“हे चालतं?”

“चांगलं चालतं.”

“मग दोन आठवडे हे का नाही सांगितलंत?”

“टेबलाला ब्रेक नसतो ना, वन्सं,” वहिनी म्हणाल्या, आणि दोघी रिकाम्या पार्किंगमध्ये डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता सराव. सांगायला नणंद, करायला वहिनी. ‘स्लोली टर्न द व्हील.’ ‘केअरफुली चेक द मिरर.’ ब्रेकबाईंचं सगळं लक्ष स्वतःच्या वाक्यांवर. शेजारची शिकाऊ बाई तिसऱ्या गिअरवर कधी पोचली, वळणावर गाणं कधी गुणगुणायला लागली, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक कोरा चेहरा करून बसला. पहिली दहा मिनिटं निर्विघ्न गेली. मग बाजाराच्या गल्लीत, उभ्या टेम्पोच्या आडून एक सायकलवाला खोक्यांची चळत घेऊन सरळ पुढ्यात आला. ब्रेकबाईंचा पाय त्यांच्या ब्रेकवर गेलाच होता. पण तो ब्रेक दाबला की परीक्षा तिथेच संपली, हेही त्यांना माहीत होतं.

“जेंटली,” त्या म्हणाल्या, “जेंटली प्रेस द ब्रेक.”

परीक्षकाचा पाय पहिल्याच शब्दाला मऊ झाला. गाडी सायकलपासून हातभर अंतरावर थांबली. सायकलवाल्याने वळूनही पाहिलं नाही. ब्रेकबाईंच्या जिवात जीव आला, आणि परीक्षकाच्या कोऱ्या चेहऱ्यावर प्रथमच घामाचा थेंब दिसला.

दुपारी त्या कागद नाचवतच घरात शिरल्या. “पास! वहिनी, पास! सीट माझी राहिली!”

वहिनींनी कागद हिसकावून घेतला आणि खालचा शेरा मोठ्याने वाचला. “‘वाक्याच्या सुरुवातीलाच क्रियाविशेषण घालण्याची सवय जास्त आहे. शेवटी घातल्यास भाषा अधिक सहज वाटेल.’ सहज? या माणसाला एकदा माझ्या शेजारी बसवा!”

“जाऊ द्या हो. झालं ते झालं. आता तुमचीही सुटका. उद्यापासून सकाळी आरामात उठा.”

कागदाची घडी घालता घालता वहिनींचा चेहरा असा उतरला, की पास झालेल्या बाईंना आपण नापास झाल्यासारखं वाटलं. बारा दिवस शेजारी कोण बसलं होतं, ते त्यांना आत्ता दिसलं.

“सुटका कसली?” वहिनी कागदाकडेच बघत म्हणाल्या. “शेरा वाचलात ना? अजून पुष्कळ सराव लागेल तुम्हाला.”

“लागेल खरा,” ब्रेकबाई म्हणाल्या. “बरीच वर्षं लागतील. पण आता पार्किंग पुरे. उद्या मोठ्या रस्त्याला जाऊ.”

दुसऱ्या दिवशी त्या सातला खाली उतरल्या, तर वहिनी पट्टा बांधून चाकामागे बसल्या होत्या आणि गाडी सुरू होती.