पदर कुणी पसरायचा

सखूबाईनं सुनेच्या पदरात नारळ टाकला, वर खण आणि मूठभर गहू टाकले, अन् पदराची टोकं तिच्या मुठीत दाबून दिली.

"मोठ्यानं बोल. पुटपुटू नको."

शिवकन्येनं मान हलवली. मागं तिचा नवरा अंगद पूजेची पिशवी हातात घेऊन उभा होता. पिंपळगावच्या रेणुकाईपुढं त्यांच्या भावकीची रीतच होती तशी. ज्याच्यात उणं, त्यानं पदर पसरायचा आणि काय उणं ते चारचौघांत बोलायचं. लग्नाला पाच वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, म्हणून आज शिवकन्येची पाळी. बोलून झालं की तिचा भाऊ रामेश्वर तिला जीपमधून अंबडला माहेरी नेणार, कायमची. सखूबाईनंच त्याला फोन करून बोलावलं होतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. उणं अंगदमध्ये होतं. तीन वर्षांपूर्वी त्याला शुगर निघाली, आणि हळूहळू शरीर त्याचं ऐकेनासंच झालं. मग रात्रीची लाईट आहे, मधेच उठून शेतातली मोटार चालू करायला जायचं आहे, अशा सबबी काढून तो गच्चीवर झोपायला लागला. भिंतीवर जाहिरात वाचून त्यानं कुठल्याशा वैद्याची पुडीही खाल्ली. जेवण तुटलं, मित्र तुटले. शिवकन्येनं मात्र घरात चकार शब्द काढला नव्हता आणि तेच त्याला जास्त खात होतं.

रांग पुढं सरकली. शिवकन्या देवीपुढं उभी राहिली.

"आई, मी..."

एवढंच. पुढं तिला बोलवेना. मागून एक बाई करवादली, "आवर की गं माय!"

अंगदच्या हातातून पिशवी खाली पडली. त्यानं खांद्यावरचा गमछा काढला, पुढं होऊन दोन्ही हातांवर पसरला.

"आई, उणं माझ्यात हाय. हिच्यात न्हाई."

पुजाऱ्याचा हात कुंकवाच्या ताटात तसाच राहिला.

सखूबाईनं लेकाला दंडाला धरून बाहेर पारावर आणलं.

"जीभ झडली न्हाई का तुझी? झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"खोटं किती दिवस तिच्याकडून बोलवून घेऊ माय?"

"मला काय म्हाईत न्हाई?" सखूबाईचा आवाज खाली आला. "तू गच्चीवर गेल्ता तवाच कळलं मला. लगीन झाल्यावर तुझा बाप बी लई वर्षं मेंढराच्या नावाखाली रानात झोपायचा. मंग मीच पदर पसरला हितं, माझ्यातच उणं हाय म्हणून. तू व्हईस्तोवर लोकांनी वांझ म्हणून हाळदी-कुंकवाला बोलावलं न्हाई."

"तरी हिलाच धाडून राह्यली तू?"

"म्हणूनच धाडून राह्यले. मला न्यायला कुणी आल्तं का? हिला तरी भाऊ हाय. हितं सडू द्यायचं व्हय?"

शिवकन्या मागं येऊन उभी होती. पदरातला नारळ तिनं तसाच धरला होता. सासूकडं ती बघतच राहिली. पाच वर्षांत या बाईला तिनं असं कधी पाहिलं नव्हतं.

अंगद घाईघाईनं म्हणाला, "सडायचं काम न्हाई माय. जालन्याचा डॉक्टर म्हन्ला, शुगरनं व्हतं आसं, लई जणांना व्हतं. इलाज हाय. बायकोला घेऊन या म्हन्ला."

"कवा म्हन्ला?" शिवकन्येनं विचारलं.

अंगद गमछ्याची घडी घालायला लागला.

"दिवाळीच्या आधी."

आता चैत्र चालू होता. मधल्या काळात तिच्या वाट्याला तीन देवस्थानं, दोन भगत आणि जावेच्या डोहाळजेवणात मागच्या खोलीत बसणं, एवढं आलं होतं. त्यातलं अंगदला सगळं माहीत होतं.

शिवकन्येनं नारळ सखूबाईच्या हातात दिला आणि वाकून तिच्या पाया पडली. मग जीपकडं चालायला लागली. अंगद मागं धावला.

"अगं, बोललो ना मी देवीपुढं! समद्यांसमोर बोललो!"

"देवीपुढं बोललात," ती जीपमध्ये बसत म्हणाली. "डॉक्टरचं मला कुठं सांगितलं?"

रामेश्वरला काही कळेना. तो बहिणीकडं बघे, मेव्हण्याकडं बघे.

"दाजी, काय करू?"

अंगद जीपच्या दाराला धरून उभा राहिला. शिवकन्येनं त्याचा हात हळूच दारावरून बाजूला केला.

"आधी तुम्ही एकटे दवाखान्यात जाऊन इलाज चालू करा," ती म्हणाली. "मंग मला न्यायला या. मी येईन."