स्थिरावलेला सिग्नल

“दोन पल्समध्ये किती थांबायचं, मॅडम?” एनएमआर मशीनपाशी उभ्या इराने विचारलं.

श्यामला उत्तर देणार, तोच मागून इराचे पीएचडीचे गाइड विश्वेश सर म्हणाले, “थांबायचं कशाला? उरकून टाक. सिग्नल स्थिर आला की झालं.”

श्यामलाचे हात क्षणभर थबकले. एका पल्सनंतर, म्हणजे रेडिओलहरींच्या एका झटक्यानंतर, सॅम्पलमधल्या अणुकेंद्रकांना सावरायला वेळ द्यावा लागतो. तो न देता पल्समागून पल्स मारली की सिग्नल खचत जाऊन खालच्याच पातळीवर स्थिरावतो. काही केंद्रकं लवकर सावरतात, काही उशिरा. मग कोणता घटक किती, या प्रमाणाचं सगळं गणित चुकतं. हे श्यामलाला पक्कं ठाऊक होतं. सरांच्याच हाताखाली पीएचडी करताना त्यांनी तिला अशीच घाई करायला लावली होती. परीक्षकांनी चूक पकडली, तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, “हिच्यात चिकाटीच नाही.” पीएचडी राहिली. तेव्हापासून गंगापूर रोडच्या या प्रयोगशाळेत ती दुसऱ्यांची सॅम्पल्स लावत होती.

“सर म्हणतात तसं करू,” ती शांतपणे म्हणाली. आतून तिला गोड वाटलं. आपटू दे यांना एकदा.

द्राक्षबियांच्या अर्कावरचं ते काम इराने महिनाभरात परीक्षकांपुढे मांडलं. श्यामला मुद्दाम रजा टाकून शेवटच्या रांगेत बसली होती. एका परीक्षकाने आलेख पाहून विचारलं, “दोन पल्समध्ये पुरेसं थांबला होतात का?”

श्यामलाने सरांच्या चेहऱ्यावर नजर रोखली. तो चेहरा जराही हलला नाही.

“इराने घाई केली,” सर म्हणाले. “मी तिथे नव्हतो. या मुलीत चिकाटीच नाही.”

इराची मान खाली गेली. श्यामला उठून उभी राहिली.

“सर तिथेच होते. घाई त्यांनी करायला लावली. मशीन मी चालवत होते.”

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, पण तो ओठांपर्यंत नीट गेला नाही. शर्टावर पाणी सांडलं. इतक्या वर्षांत श्यामलाला हेच बघायचं होतं. तिने ते डोळे भरून पाहिलं.

पार्किंगमध्ये इराने तिला गाठलं.

“मॅडम, चुकतंय हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“त्यांना पाडायचं होतं.”

“पडले मी,” इरा म्हणाली.

“मी ते सॅम्पल पुन्हा लावून देते. उद्याच ये.”

इराने चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळला, मागे गाठ मारली. नुसते डोळे उघडे राहिले. श्यामलाकडे न पाहता तिने स्कूटर बाहेर काढली.