यादीत भरीत नव्हतं

मेघाने वडिलांसाठी, म्हणजे आबांसाठी, केलेली यादी चौदा कलमांची होती. धुळ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात अठरा वर्षं अर्थशास्त्र शिकवलं की माणसाला कलमांशिवाय काही सुचत नाही. पेट स्कॅनच्या आदल्या दिवशी काय काय करायचं नाही, ते तिने मोठ्या टायपात छापलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि धरणगावजवळच्या आपल्या गावी जाऊन आई-आबांच्या फ्रिजवर चिकटवलं. शेतात जायचं नाही. ओझं उचलायचं नाही. मोटारसायकलला किक मारायची नाही. गोड खायचं नाही. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप ओढायचा नाही.

कौतिक आबांनी चौदाही कलमं वाचली आणि चष्मा काढला.

"श्वास लेवाले चाली ना?"

"आबा, चेष्टा नको. तुम्ही एक वाक्य बोललात की तुमची दहा माणसं हसतात. मी हसत नाही."

मेघाचं बरोबरच होतं. मानेतली गाठ, सहा केमो, गेलेले केस, परत आलेले केस, एवढं सगळं होऊन आता हा स्कॅन होता. साफ आला तर आजार गेला. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. गेला पंधरवडा मेघा फळ्यावर 'मागणी' लिहायला जायची आणि 'तपासणी' लिहून यायची. मुलं वहीत तेच उतरवून घ्यायची. मुलांचं काही अडत नव्हतं.

त्यात घरच्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कोणी पपईच्या पानांचा रस सुचवायचं, कोणी पिंपळनेरकडचा जडीबुटीवाला. कोणी नुसतेच जोडलेले हात पाठवायचं, एका वेळी नऊ. चुलतभाऊ प्रेमराज तर रोज सकाळी 'चिंता करू नये' या विषयावर एवढं लांब लिहायचा की ते वाचूनच चिंता लागावी. स्कॅनच्या आठवड्यात मेघाने ग्रुपचा आवाज बंद केला आणि तो उघडायचाच नाही असं ठरवलं. मनःशांतीचा तेवढाच एक उपाय फोनमध्ये होता.

मंगळवारी जळगावला स्कॅन झाला. सुई टोचण्याआधी सिस्टरने विचारलं, "काल काही कष्टाचं काम केलं का, बाबा?"

"नही. बठ्ठा दिवस घरमाच व्हतू."

"यादी दिलीये मी," मेघा म्हणाली. आवाजात थोडा अभिमान होता. तो पुढे नडला.

गुरुवारी तिसऱ्या तासाला रिपोर्ट फोनवर आला. इंग्रजीत होता आणि चार पानांचा होता. शेवटच्या पानावर मात्र मजकूर स्पष्ट होता: उजवा खांदा, उजवा दंड आणि काखेच्या भागात सक्रियता वाढलेली दिसते; रुग्णाच्या अवस्थेशी ताडून पाहावे.

भौतिकशास्त्राच्या नवल सरांनी तो दोनदा वाचला. "मॅडम, ताडून पाहावे म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नाही. काळजी नको. माझ्या मेव्हण्याला पण असंच काखेत..." एवढं बोलून सर थांबले आणि घाईने चहा प्यायला लागले. मेव्हण्याचं पुढे काय झालं, हे विचारायची मेघाला हिंमत झाली नाही. ते थांबणं तिने घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच जळगावलाही नेलं.

विधी मॅडम, आबांच्या कॅन्सरच्या डॉक्टर, शांत बाई. संगणकावर चित्र फिरवत राहिल्या. आबांची मान, पोट, सगळं काळोखं आणि गप्प होतं. उजवा हात तेवढा दिवाळीसारखा उजळला होता.

"बाबा, सोमवारी काय केलं?"

"काही नही, मॅडम."

"विहिरीवर? लाकडं फोडली?"

"यादीमा जे व्हतं, ते काही मी करेल नही," आबा म्हणाले. वाक्य जरा वेगळं बसलंय, हे अठरा वर्षं पेपर तपासलेल्या मेघाच्या लक्षात आलं. तिने फोन काढला आणि बंद ठेवलेला ग्रुप उघडला.

सोमवारचे त्रेचाळीस फोटो होते. चंपाषष्ठी झाली, वांगी खायला मोकळीक मिळाली, म्हणून घरामागच्या अंगणात भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली बारा किलो वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, चाळीस माणसं. शेवटी प्रेमराजने काढलेला व्हिडिओ. मोठी बडगी, म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, आणि तिच्यासमोर बनियनवर कौतिक आबा उजव्या हाताने वांगी ठेचताहेत. मागून प्रेमराज ओरडतोय, "वाह आबा! कॅन्सर गया तेल लगाने!"

मेघाने फोन डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टरांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला.

"किती वेळ ठेचत होते?"

"दीड घंटा. प्रेमराजले ठेचता येत नही, मॅडम. मिरच्या आख्ख्या राहतस."

"आबा!" रागावली की मेघाची भाषा गावाकडे वळायची. "तुम्हले काही समजस का? मी दोन दिवस मरत होते!"

"यादीमा भरीत लिखेल नव्हतं," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी हसू आवरलं. राबलेले स्नायू टोचलेलं औषध ओढून घेतात, म्हणून हात उजळला असणार, असं त्यांनी सांगितलं. "पण त्या उजेडात काखेतली एखादी गाठ लपू शकते. आजच सोनोग्राफी करून घ्या. मग बोलू."

म्हणजे 'असणार' तेवढं उरलंच होतं. सोनोग्राफीच्या बाकावर तासभर नंबर लागेना. समोरच्या टीव्हीवर कोणीतरी पनीर तळत होतं. मेघा न बघता म्हणाली, "रिपोर्ट येईपर्यंत थांबले असते तर? नंतर केलं असतं भरीत. पळून जात होती का वांगी?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नंतर जमनं नसतं."

"का?"

"रिपोर्ट खराब उना, का लोक भेटाले येतस. तोंड पाडीसन बसतस, चहा पितस, जातस. जेवाले कोणी येत नही." त्यांनी उजवा खांदा चोळला. दुखत असावा. "केमोमा सहा महिने मना घर फक्त भेटाले येल लोक व्हतात. म्हनलं, एकदा जेवाडी लेऊत. मंग जे व्हई ते व्हई."

मेघाला एकदम कळलं, की आबांनी चौदाही कलमं पाळली होती, अगदी जपून, आणि एवढं भ्यालेलं माणूस तिने या घरात दुसरं पाहिलं नव्हतं. तिला वाटलं होतं घाबरायचं काम आपल्याकडेच आहे. हे कळल्यावर राग जायला हवा होता. तो वाढला.

"मग मला सांगायचं होतं!"

"तू आणखी कलमं लिखती."

तेवढ्यात नाव पुकारलं.

आबा वीस मिनिटांनी शर्टाची बटणं लावत बाहेर आले. विधी मॅडमनी कागद पाहिला. "काखेत काही नाही. बाकी स्कॅन स्वच्छ आहे. आजार दिसत नाही. तीन महिन्यांनी दाखवायला या."

रडू येईल असं मेघाला वाटलं होतं. त्यासाठी रुमालही काढून ठेवला होता. गाडीत बसल्यावर तिने त्या रुमालाने काच पुसली.

"तीन महिन्यांनी, तपासणीच्या आधी दोन दिवस, तुम्ही धुळ्याला माझ्याकडे यायचं."

"दोन दिन? तठे काय करू?"

"बसायचं."

"नुसतं?"

"नुसतं नाही. घाबरायचं. मी धुळ्यात एकटी घाबरते, तुम्ही गावात एकटे घाबरून चाळीस माणसं जमवता. त्यापेक्षा एका ठिकाणी बसून घाबरू."

आबांनी विचार केला. पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

"तुनी आई?"

"तीपण येईल."

"मंग तुना फ्लॅटमा जागा पुरी का?"

"हॉलमध्ये गाद्या टाकू," मेघा म्हणाली, आणि गाडी सुरू केली.